पेटीत नसलेला गंधार

बाई, आज चाळीस दिवस झाले. तुमच्यात तेरवीला सगळं आटोपतं. तुमच्या मुलानं, संजयनं, ते रीतसर केलं, मी जेवूनही आलो. पण आमच्यात चाळिसावा पाळतात. तुम्ही आमच्यातल्या नव्हत्या, कबूल. पण माझ्या दुकानातल्या तर होत्या ना? म्हणून आज शटर अर्धं पाडून लिहायला बसलो आहे. दोन कामं आहेत. एक, तुमच्या नवव्या गाण्याचं काय झालं ते सांगायचं. दुसरं, तुमच्या आईबद्दल मी जे बोललो ते परत घ्यायचं. दुसरं काम अवघड आहे, म्हणून आधी इकडचं तिकडचं बोलतो. तुम्हाला माझी ही खोड माहीत आहे.

तुमच्यापुढं लिहायचं म्हणजे तशी धास्तीच. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा बगलेतली बाजाची पेटी खाली ठेवायच्या आधी तुम्ही बाहेरची पाटी वाचली होती. "दुरुस्तीतला रु ऱ्हस्व असते जी. पेट्या दुरुस्त करता, आधी पाटी दुरुस्त करा." मले असा राग आला म्हणता! बावीस वर्षं पाटी तशीच होती, एकाही गिऱ्हाइकाचं अडलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावलं. रु अजून ऱ्हस्वच आहे.

पेटी दुरुस्त होईपर्यंत तुम्ही स्टुलावर बसून राहायच्या. मी पेटीतल्या सुऱ्या, त्या पितळी जिभा, जुळवताना सा आणि प धरून ठेवतो, दिवसातून पन्नास वेळा. हे दोन सूर सच्चे लागले की बाकीच्यांना त्यांच्याकडं पाहून ओळीत बसवता येतं. तुम्ही डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हा तुमच्या दुकानाचा आवाज आहे, रशीदभाऊ. बस स्टँडवरून यायले लागलं की कोपऱ्यावरच ऐकू येते." मी म्हणायचो, दुकानाले काय आवाज राहते जी, आवाज पेटीचा. तुम्ही हसायच्या आणि पिशवीतून काढून मूठभर भाजके शेंगदाणे माझ्या फळीवर ठेवायच्या. त्या फोलपटांनी किती भाते खराब झाले, ते मी कधी बोललो नाही.

तुमच्या बोटांनी दगा दिला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. सांध्यांची सूज आली, बोटं वाकडी झाली, तीन पट्ट्या एकदम दाबणं संपलं. निवृत्तीनं शाळा सुटली होती, तुम्ही ऊर्जानगरात, वीज कंपनीच्या वसाहतीत, संजयच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या होत्या. पण जीव तिकडंच, पोंभुर्ण्याकडच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत. तुमच्या जागी आलेल्या मास्तरला पेटी येत नव्हती. पोरं नुसतीच ओरडतात, हे तुम्हाला कुणीतरी येऊन सांगितलं. झालं. तुम्ही ठरवलं की नऊ गाणी साथीसकट कॅसेटवर भरून द्यायची. मास्तरनं बटण दाबायचं, पोरांनी गायचं.

मला बोलावणं आलं. समोरच्या खोलीत संजयचा कॉम्प्युटर, डोक्यावर विणलेला रुमाल घातलेला.

"रशीदभाऊ, हे पाहा. याच्यात एक पट्टी दाबली का तीन सूर संगंच वाजतात. त्याले कॉर्ड म्हणतात."

"मग मी काय करू जी? बोट तुमचं, मशीन संजयचं."

"कोणत्या पट्टीखाली कोणते तीन सूर, हे बनवणाऱ्यानं त्याच्या मनानं ठेवलं आहे. आपल्या गाण्यांले ते बसून नाई राह्यलं. पण ते बदलता येते. एकेक पट्टी घ्यायची, तिच्याखालचे सूर काढायचे, आपले ठेवायचे. त्याले कान पाहिजे."

"माझा?"

"मग काय शेजाऱ्याचा?"

आणि मग सुरू झालं ते आपलं येड्याचं काम. दुपारी कंपनीच्या बसमध्ये ओळखीच्या ड्रायव्हरला सलाम ठोकून मी यायचो. घरी बायको, नफीसा, विचारायची, "पेटी बिगडी है उनकी, या तुम्हारा दिमाग?" मी तुमच्या पेटीसमोर बसायचो, सुरांची जोडणी वाजवून पाहायचो, आणि पट्ट्या बघून सांगायचो: पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच. तुम्ही चष्मा नाकावर घेऊन पडद्यावरच्या त्याच पट्ट्यांवर खुणा करायच्या. स्पीकर संजय नागपूरहून आणणार होता, तोवर सगळं मुकंच चाललं होतं. दोन आठवडे आपण मुक्यानं खुणा केल्या.

स्पीकर आले. तुम्ही आधीच गाऊन भरून ठेवलेलं गाणं लावलं, आणि वरून एका बोटानं पहिला कॉर्ड दाबला. या अल्लाह! गाणं एका गावाला, कॉर्ड दुसऱ्या गावाला. मी म्हणालो मशीन बेकार आहे. तुम्ही म्हणालात तुमचे कान गेले. मी म्हणालो, माझे कान? चंद्रपुरात विचारा! तुम्ही म्हणालात, विचारते ना, तुमच्या पाटीवरचा पत्ता देऊन विचारते. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली, काय झालं म्हणून.

मग मी रागारागानं तुमच्या पेटीचं झाकण काढलं आणि तोंडात मारल्यासारखा बसलो. पेटी सरकत्या पट्ट्यांची होती. माझा आवाज उतरला नाही, मी काळी दोनमध्येच गाणार, असा तुमचा हट्ट, आणि बोटं मात्र पांढरी एकपासून ठेवायची सवय. म्हणून मधल्या काळात अख्खा पट्ट्यांचा साचा तीन घरं सरकवून दिला होता. दिसायला पांढरी एक, वाजायला काळी दोन. मी डोळ्यांनी पट्ट्या वाचत होतो, तुम्ही डोळ्यांनीच उतरवत होत्या. आणि साचा सरकवला होता कुणी? मीच. माझ्याच हातानं, माझ्याच दुकानात.

तुम्ही इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. "दोघं मिळून साठ वर्षं सुरात घालवले, रशीदभाऊ, अन् दोन आठवडे डोळ्यानं गाणं ऐकलं!" मीही हसलो, पण घरी जाईपर्यंत कान गरम होते. पुन्हा पहिल्यापासून केलं, या वेळी ऐकून.

त्या कॉर्डना नावं द्यायची सोय होती. मेजर, मायनर ही मशीनची नावं तुम्हाला आवडत नव्हती, पलटणीतले साहेब वाटतात म्हणायच्या. मी जे बडबडायचो तेच तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी नाव म्हणून टाकायच्या. हा छाती काढून उभा आहे म्हटलं, तर नाव 'उभा'. हा सोमवारी शाळेत जाणाऱ्या पोरावाणी आहे म्हटलं, तर 'सोमवार'. एक होता 'कुरकुर', तो माझ्यावरूनच होता. आठ गाणी झाली. खरं सांगतो, इतकं सुख मला माझ्या धंद्यात कधी मिळालं नव्हतं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. मी म्हणायचो, बाईचं काम आहे म्हणून जातो, नाही म्हणता येत नाही. असं लोकांना सांगायचो मी.

मग नववं आलं. धानाच्या रोवणीच्या वेळी बाया चिखलात वाकून गातात, ती तुमच्या आईची चाल, आणि तिच्यावर पोरांसाठी तुम्ही बांधलेले नवे शब्द. दुसऱ्या ओळीच्या शेवटी गंधारावर गाणं थांबतं, लांबलचक. आणि तिथंच घोडं अडलं. सा आणि प यांच्यामध्ये ग कोणता ठेवायचा? शुद्ध ठेवला तर कॉर्ड हसरा होतो, कोमल ठेवला तर तोंड पाडतो. सगळा फरक त्या मधल्या एका सुराचा.

मी म्हणालो, "शुद्ध. पोरांचं गाणं आहे, रडवता काय त्यांले?"

"माझी आई असा नव्हती म्हणत."

"मग कोमल ठेवा."

"तसाही नव्हती म्हणत. मधात कुठंतरी लावायची."

"बाई, मधात काई नसते. पेटीत तिथं पट्टीच नाई. दोनातून एक घ्या."

तुम्ही गाऊन दाखवलं. एकदा, दोनदा, पाचदा. उन्हं तापली होती, कूलरचं पाणी संपलं होतं, आणि मी तीस वर्षं सुऱ्या घासून घासून सूर सरळ करणारा माणूस. एकही सूर वाकडा राहिला तर मला जेवण जात नाही. बोलून गेलो, "तुमची आई बेसूर गात असंन."

पाटीवरच्या रु वरून भांडणाऱ्या बाई तुम्ही, आणि एक शब्द नाही. माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग म्हणालात, "चहा ठेवला आहे. पिऊन जा."

मी प्यायलो नाही. उठलो, चपला घातल्या, बसही न पाहता चालत सुटलो.

त्यानंतर अठरा दिवस. रोज वाटायचं, आता येतील, स्टुलावर बसतील, मग मी हळूच विषय काढीन. दुकानाच्या दारात सावली पडली की मान वर व्हायची. मी जाऊ शकत होतो की. अर्ध्या तासाची तर बस. पण आपली अकड! अठराव्या दिवशी सकाळी शेजारच्या फोनवर संजय बोलला. मी इरई नदीच्या घाटावर तुम्हाला खांदा दिला, बाई, आणि खांद्यावर तुम्ही असताना माझ्या डोक्यात तो गंधारच फिरत होता. लाज वाटते सांगायला, पण तुम्हाला खोटं काय सांगू.

तेरवीनंतर संजय दुकानात आला. त्याची बदली झाली होती, क्वार्टर सोडायचं होतं, कॉम्प्युटर साफ पुसून तो मेहुण्याला देणार होता. मी भात्याला सरस लावत होतो. म्हणालो, "आणि बाईचं नववं गाणं?"

"आठ भरले आहेत, भाऊ. तेवढे देऊन टाकू. नववं आता कोण करते?"

"मी करतो."

तो माझ्या सरस लागलेल्या बोटांकडं पाहत राहिला. "तुमाले चालू तरी करता येते काय?"

"तू दाखव. एकदाच दाखव. आठ दिवस पुसू नको."

त्यानं दाखवलं, आणि मी ते पेटीवर लावायच्या चिठ्ठ्यांसारखं कागदावर लिहून घेतलं: आधी हे बटण, मग हे चित्र, मग बाईचं नाव. पहिल्या दिवशी माऊस पळत होता आणि मी त्याच्या मागं. दुसऱ्या दिवशी सगळं गेलं म्हणून मी ओरडलो, तर फक्त खिडकी लहान झाली होती. तिसऱ्या दिवशी तुमचं नववं गाणं उघडलं. तुमचा आवाज पुरा भरलेला होता. पट्ट्यांवर कॉर्डही ठेवलेले. फक्त ते एका बोटानं दाबत जायचं राहिलं होतं. आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटासाठीच्या पट्टीवर नाव होतं: 'दुकान'.

संजय मागं उभा होता. म्हणाला, "आई किराण्याची यादी करून राह्यली होती काय याच्यात?"

मी त्या पट्टीखालच्या खुणा उघडल्या. शुद्ध ग नाही. कोमल ग नाही. सा, प आणि वरचा सा, बस. गंधाराची जागा रिकामी. दाबून पाहिलं तर स्पीकरमधून माझं दुकान ऐकू आलं. दिवसातून पन्नास वेळा मी जे वाजवतो ते.

मी संजयला विचारलं, हे कधी केलं असेल, कळतं का? त्यानं काहीतरी उघडून तारीख पाहिली. आपल्या भांडणाच्या तिसऱ्या दिवसाची होती. म्हणजे तिसऱ्याच दिवशी तुम्ही भांडण मिटवून ठेवलं होतं, त्याला माझ्या दुकानाचं नाव दिलं होतं, आणि पंधरा दिवस मी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. बाई, मी संजयसमोर रडलो. तो पाणी आणायला आत गेला, तो बराच वेळ आला नाही.

पण मी रशीद आहे. एवढ्यावर मानलो नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन आधी शुद्ध गंधाराची खूण केली आणि तुमचा आवाज वरून सोडला. तुम्ही बेसूर वाटल्या. खूण काढून कोमलची केली. तरी बेसूरच. मग दोन्ही काढल्या. तुमचा आवाज आला, आणि तो गंधार त्या सा आणि प च्या मध्ये असा सच्चा लागला की मी तेवढीच ओळ पुन्हा पुन्हा लावून ऐकली. म्हणजे वाकडं कोण होतं? मी केलेली खूण. तीस वर्षं मी सूर नीट करतो आहे म्हणत होतो, आणि काही सूर माझ्या कानशीखाली यायला नकोत एवढं मला कळलं नव्हतं.

मग कामाला लागलो. एका बोटानं, तुमच्या आवाजामागून. 'उभा' लवकर पडला, पुन्हा. 'सोमवार' उशिरा, पुन्हा. तुम्ही कानात गात होत्या आणि मी मध्येच म्हणायचो, थांबा जी, चुकलं. संजय म्हणाला, "ठीक तर आहे, भाऊ. एवढं कोणाले समजते?" मी म्हणालो, "तुझ्या आईले." आठव्या दिवशी चार वाजता गाणं पुरं झालं. सून चहा घेऊन आली. मी दोन कप प्यायलो, एक त्या दिवशीचा राहिलेला होता.

कॅसेट घेऊन काल तुमच्या शाळेत गेलो. शाळा नुकतीच उघडली आहे, भिंतीवर तुमच्या अक्षरातली बाराखडी अजून आहे, ऱ्हस्व-दीर्घ सगळं जागेवर. मास्तर तरुण आहे, भला आहे. त्यानं टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवला. पहिली आठ गाणी पोरांनी धडाधड म्हटली. नववं लागलं तशी ती एकमेकांकडं पाहायला लागली, कारण चाल त्यांच्या घरची होती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी 'दुकान' वाजलं. काही पोरांनी शुद्ध ग लावला, काहींनी कोमल. मागून कॉर्ड हसवत नव्हता, रडवत नव्हता, ज्याला जो सापडला तो त्यानं घेतला. आणि तिसऱ्या रांगेत एक पोरगी होती, रिबिनीच्या दोन वेण्या, डोळे मिटलेले. तिनं मधला लावला. तुमच्या आईचा.

मास्तरनं टेप थांबवला. "ए, तू बेसूर होऊन राह्यली. सुरात म्हण."

पोरीनं मान खाली घातली. तुम्ही हात मांडीवर घेतला होता ना, तशीच.

"नाई जी!" मी इतक्या जोरात ओरडलो की व्हरांड्यातली शेळी उठून पळाली. "तिले काई म्हणू नका. बेसूर नाई ते. सुरातच आहे. तिची आई म्हणते तसंच म्हणून राह्यली ती, अन् तेच सच्चं आहे."

सगळी शाळा माझ्याकडं पाहत होती. मास्तर म्हणाला, "तुमाले काय माहीत, चाचा?"

मी म्हणालो, "मी पेट्या जुळवतो. चुकलो होतो, म्हणून माहीत आहे."

हे तुमच्यासमोर बोलायचं होतं, बाई. तुमच्या शाळेत बोललो. मग मी स्वतः जाऊन टेप मागं घेतला, बटण दाबलं, आणि त्या पोरीला म्हणालो, "म्हण, माय. मोठ्यानं म्हण."